मळ, लेप की प्लास्टिक? लॅपटॉपच्या चिकट आणि झिजलेल्या बॉडीविषयी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. सात वर्षांपूर्वी घेतलेला काळा लॅपटॉप दीडेक वर्ष बॅगेत घालून कपाटात ठेवलेला होता. आता मुलीला महाविद्यालयासाठी द्यावा म्हणून बाहेर काढला, तर यंत्र व्यवस्थित सुरू झाले. मात्र झाकण हाताला चिकटते आहे, मनगटे टेकतात त्या जागी दोन तेलकट चकाकणारे डाग आहेत आणि डाव्या बिजागरीजवळ प्लास्टिकला बारीक चीर गेली आहे. रंगाच्या दुकानातून थिनर आणून सगळे पुसावे, वर पॉलिश पेपर मारावा आणि काळा स्प्रे द्यावा, असा तुमचा बेत आहे आणि तो बरोबर आहे का, हे तुम्हाला हवे आहे.

थिनरचे उत्तर आधी देतो, कारण बाटली कदाचित घरात येऊनही पडली असेल: ते वापरू नका. स्प्रेविषयी माझे मत पुढे सांगतो. पण खरी अडचण थिनर चालेल की नाही ही नाही. तुम्ही सांगितलेल्या तीन तक्रारी तीन वेगळ्या गोष्टींच्या आहेत आणि त्यांना एकच औषध लावायला तुम्ही निघाला आहात, ही खरी अडचण आहे.

माझे रत्नागिरीत दुरुस्तीचे दुकान आहे आणि गेली अठरा वर्षे मी हेच काम करतो. चिकट झालेले झाकण ही आमच्याकडे दर पावसाळ्यानंतर नेमाने येणारी तक्रार आहे; तुमच्या ठाण्याची हवाही या बाबतीत फार वेगळी नसावी. गिऱ्हाईक सहसा ‘प्लास्टिक खराब झाले’ एवढेच सांगते. प्रत्यक्षात तो प्लास्टिकवर बसलेला मळ असतो, किंवा प्लास्टिकवर कारखान्यात दिलेला लेप सडलेला असतो, किंवा खुद्द प्लास्टिक झिजलेले अथवा तडकलेले असते. मळ पूर्ण निघतो. लेप दुरुस्त होत नाही, तो काढून टाकावा लागतो. झिजलेले प्लास्टिक पूर्वीसारखे होत नाही. फार तर ते बरे दिसू लागते.

यांपैकी आपल्यापुढे काय आहे, हे ओळखायला दहा मिनिटे पुरतात. लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा. वाटीभर कोमट पाण्यात भांडी घासण्याच्या द्रवाचे दोन थेंब टाका, त्यात जुन्या सुती बनियनचा तुकडा बुडवून अगदी घट्ट पिळा आणि तळहाताएवढी जागा पुसून कोरडी करा. फडके पिवळट-राखाडी झाले आणि खालचा भाग हाताला कोरडा, किंचित खरबरीत लागला, तर तो मळ होता. पुसूनही चिकटपणा तसाच राहिला आणि एखाद्या कोपऱ्यात नखाने हलके खरवडल्यावर रबरासारखी बारीक वळी निघाली, तर तो लेप आहे. फडके स्वच्छ राहिले, पृष्ठभाग कोरडा आहे आणि तरीही मोबाइलचा टॉर्च तिरपा धरल्यावर ती जागा तुळतुळीत चमकते आहे, तर प्लास्टिक झिजले आहे. तुमच्या वर्णनावरून झाकणावर लेप आणि मनगटांच्या जागी मळ व झीज दोन्ही असावीत असा माझा अंदाज आहे, पण पाहणी तुम्हीच करायची आहे.

थिनर का नको, हे मी माझ्याच चुकीवरून सांगू शकतो. व्यवसायाच्या दुसऱ्या वर्षी एका बँक अधिकाऱ्यांचा लॅपटॉप दुरुस्त करून देताना, जाता जाता स्टिकरचा जुना गोंदही काढून द्यावा म्हणून मी कापसाच्या बोळ्यावर थिनर घेतले. गोंद तर निघाला, पण बोळा उचलला तेव्हा कापसाचे तंतू प्लास्टिकमध्ये रुतून बसलेले दिसले, जणू ओल्या रंगात केस पडावेत. ते एक वेळ लपवता आले असते. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र जवळच्या स्क्रूभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा उमटल्या होत्या. लॅमिंग्टन रोडवरून जुने पॅनेल मागवून मी ते स्वखर्चाने बदलून दिले आणि थिनर त्या दिवशी टेबलावरून उतरले ते उतरलेच.

घडले ते असे. लॅपटॉपची बॉडी बहुधा एबीएस नावाच्या प्लास्टिकची किंवा एबीएस आणि पॉलिकार्बोनेट (पीसी) यांच्या मिश्रणाची असते. खालचे पॅनेल काढले की त्याच्या आतल्या बाजूला दोन कोनी कंसांत ‘पीसी+एबीएस’ असे काहीतरी रोमन अक्षरांत उठवलेले सापडते. ती प्लास्टिकची जात. थिनरमध्ये टोल्युइन, ॲसिटोन यांसारखे द्रव असतात आणि ते एबीएसला चक्क विरघळवतात. पॉलिकार्बोनेटची गोष्ट जरा निराळी आहे: ते विरघळण्याआधीच तडकते, आणि तेही जिथे ताण असतो तिथे, म्हणजे स्क्रूभोवती, कडांना आणि बिजागरीपाशी. नखांचा रंग काढण्याच्या द्रवात बहुतेक वेळा ॲसिटोनच असते, त्यामुळे ती बाटलीही दूर ठेवा. काचा पुसण्याच्या अमोनियायुक्त द्रवाचाही पॉलिकार्बोनेटशी उभा दावा आहे.

आता कामाचा क्रम. तुम्हाला चिकट झाकणाची घाई असेल, पण मी चिरेपासून सुरुवात करीन. चीर आहे याचा अर्थ तिथे ताण आहे, आणि ताण असलेल्या चिरेत कोणताही द्रव उतरला की ती वाढते. आधी ताण काढायचा, मग द्रव लावायचा.

त्याही आधी एक तपासणी. लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवा आणि तो डुगडुगतो का, टचपॅड वर उचलल्यासारखा दिसतो का, खालचे पॅनेल मध्ये फुगले आहे का, हे पाहा. दीड वर्ष पडून राहिलेल्या लॅपटॉपची लिथियम बॅटरी फुगलेली असू शकते, आणि फुगलेली बॅटरी प्लास्टिकला आतून ढकलून नेमक्या अशाच चिरा पाडते. तसे असेल तर चार्जिंग थांबवा, बॅटरी दाबू किंवा टोचू नका आणि ती दुकानातूनच काढून घ्या. इतर सगळे काम त्यानंतर.

बॅटरी ठीक असेल, तर दोष बहुधा बिजागरीचा. बिजागरी धातूची असते, पण ती ज्या स्क्रूंनी बसवलेली असते ते स्क्रू प्लास्टिकच्या लहान खुंट्यांत रोवलेल्या पितळी नटांत शिरतात. काही वर्षांनी बिजागरीतले ग्रीस सुकते आणि ती घट्ट होते. आपण झाकण एका कोपऱ्याला धरून उघडतो, त्या बाजूची बिजागरी फिरायला नकार देते आणि सगळा जोर त्या खुंट्यांवर येतो. झाकण अगदी सावकाश उघडून डाव्या मागच्या कोपऱ्याकडे बघा. वरचे आणि खालचे पॅनेल एकमेकांपासून फाकताना दिसले, तर आत एखादी खुंटी उपटलेली आहे. बाहेरची चीर हे तिचे लक्षण. तिला बाहेरून गोंद लावून काही साधत नाही.

पॅनेल उघडण्याची सवय असेल तर हे घरी करता येते. स्क्रू काढताना कोणता कुठला हे कागदावर आकृती काढून त्यावरच ठेवा, कारण त्यांची लांबी सारखी नसते, आणि लांब स्क्रू आखूड जागी घातला की तो वरून बाहेर डोकावतो. कडा सोडवायला पेचकस न घालता जुने एटीएम कार्ड वापरा. आत गेल्यावर सर्वांत आधी बॅटरीची जोडणी सोडवा. बिजागरीच्या दांड्याच्या टोकाला नट असेल, तर तो पाव फेरा सैल करून झाकण पुरेसे हलके, पण स्वतःहून न पडणारे झाले का, हे पाहा. काही बिजागऱ्यांना असा नट नसतो. त्यांना ग्रीसचा थेंब देऊन भागले नाही, तर त्या बदलाव्या लागतात.

उपटलेली खुंटी बसवायला मी सावकाश वाळणारे दोन नळ्यांचे इपॉक्सी वापरतो. दोन्ही पृष्ठभाग 240 नंबरच्या पॉलिश पेपरने खरबरीत करायचे, पुसून कोरडे करायचे, पितळी नटात ग्रीस लावलेला स्क्रू आधीच फिरवून ठेवायचा, म्हणजे आटे गोंदाने भरत नाहीत, आणि जोड पूर्ण 24 तास हलवायचा नाही. झटपट चिकटणारा गोंद इथे दोन कारणांनी वाईट: त्याचा जोड ठिसूळ असतो, आणि त्याच्या वाफेने आजूबाजूच्या काळ्या प्लास्टिकवर पांढरी राख उडाल्यासारखे डाग पडतात. आमच्यातले काही जण एबीएसचे तुकडे ॲसिटोनमध्ये विरघळवून त्याचा लगदा चिरेत भरतात. ज्या गुणासाठी ॲसिटोन पुसायला नको, त्याच गुणासाठी ते इथे उपयोगी पडते. निव्वळ एबीएस असेल तर हा जोड चांगला धरतो. मिश्रण असेल तर मी तो टाळतो. एकापेक्षा जास्त खुंट्या गेल्या असतील, तर जोडाजोडीत वेळ न घालवता पॅनेलच बदलावे. जुन्या सुट्या भागांच्या बाजारात झाकणाला ए, पडद्याच्या चौकटीला बी, कीबोर्डाभोवतीच्या भागाला सी आणि तळाला डी पॅनेल म्हणतात. दुकानदाराला मॉडेलच्या पूर्ण क्रमांकासह ‘सी पॅनेल’ म्हणून सांगितले की त्याला नेमके कळते.

आता झाकण. नवा असताना तुमचा लॅपटॉप हाताला मखमलीसारखा लागत असेल, तर तो सॉफ्ट टच म्हणवला जाणारा पॉलियुरेथेनचा लेप. हवेतील बाष्प या लेपातील रेणूंच्या लांब साखळ्या वर्षानुवर्षे तोडत राहते. याला जलीय विच्छेदन म्हणतात. साखळ्या आखूड झाल्या की घट्ट रबराचा पुन्हा गोंद होतो. उष्णता आणि हाताचे तेल या क्रियेला मदत करतात. त्यामुळेच वापरात नसलेला लॅपटॉप बंद बॅगेत अधिक चिकट होऊन निघतो आणि ‘मी तर हातही लावला नव्हता’ असे म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला नवल वाटते. तुम्ही ज्याला झाकणावरची घाण समजत आहात, ती बहुधा बाहेरून आलेली नसून तो लेपच आहे, आणि साबणाने कितीही पुसले तरी तो बरा होणार नाही. त्यावर टाल्कम पावडर चोळण्याची एक युक्ती प्रचारात आहे. प्रवासाच्या आदल्या रात्री ती ठीक आहे. चार दिवसांनी झाकण पुन्हा चिकट होते, आणि शिवाय ठिपकेदारही.

लेप काढायला आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरायचे. मोबाइल दुरुस्तीचे साहित्य विकणाऱ्या दुकानात ‘आयपीए’ म्हटले की मिळते. 99 टक्क्यांचे घ्या आणि एका झाकणासाठी पाव लिटर हाताशी ठेवा. हात निर्जंतुक करण्याचे द्रव त्याऐवजी चालेल का, असे मला नेहमी विचारले जाते. त्यात पाणी असते आणि त्वचा कोरडी पडू नये म्हणून ग्लिसरीनसारखे पदार्थही असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात ग्लिसरीनचे प्रमाण 1.45 टक्के आहे. म्हणजे एक चिकटपणा काढताना दुसरा मागे राहणार. आयपीए आगीला फार लवकर धरते. 12 अंश सेल्सिअसच्या आसपासच त्याची वाफ पेट घेण्याजोगी होते, म्हणजे आपल्याकडे ती बाराही महिने तशीच असते. त्यामुळे हे काम गच्चीत किंवा उघड्या खिडकीपाशी करा; स्वयंपाकघरात नको, देवघरात दिवा लागलेला असताना शेजारच्या खोलीतही नको. हातात नायट्राइलचे मोजे घाला.

झाकण सुटे काढता आले तर उत्तमच. नाहीतर पडदा आणि कीबोर्ड यांच्यामध्ये जाड कोरडा टॉवेल घालून झाकण मिटा आणि कडांच्या फटींवर मास्किंग टेप लावा. आयपीए थेट झाकणावर ओतायचे नाही, फडक्यावर घ्यायचे. साधारण पोस्टकार्डाएवढी जागा ओली करा, मिनिटभर थांबा आणि एकाच दिशेने जोर देऊन ओढा. पहिल्या ओढीला फारसे काही होत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या ओढीला लेप सुटू लागतो आणि अंगाचा मळ निघावा तशा काळ्या वळ्या फडक्यापुढे जमतात. इथे बहुतेकांची एकच चूक होते: ते त्याच फडक्याने पुढे घासत राहतात, आणि निघालेला गोंद पुढच्या जागेवर सारवला जातो. फडके दर दोन-तीन ओढींनी बदला. एका झाकणाला माझी पंधरा-वीस चिंधुके लागतात, आणि हात बसलेला असूनही तास-सव्वा तास जातो. कडेच्या खोबणीत आणि बिजागरीच्या आवरणापाशी लाकडी टूथपिकवर फडके गुंडाळून काम करावे लागते. तिथे ब्रश वापरला तर वितळलेला लेप उडून पडद्याच्या चौकटीवर बसतो.

मधेच एक टप्पा असा येतो की सगळे झाकण आधीपेक्षा वाईट, डागाळलेले आणि चट्ट्यापट्ट्यांचे दिसते. तिथे घाबरून थांबू नका. सगळा लेप निघाल्यावर साबणाच्या पिळलेल्या फडक्याने एकदा पुसून कोरडे केले की खालचे प्लास्टिक एकसारखे दिसते. ते मखमली नसेल. साधे, कडक, बहुधा थोडे चमकदार काळे किंवा गडद राखाडी असेल. खालून नेमके काय निघेल हे मॉडेलवर अवलंबून असते. काही झाकणे मुळात धातूची, रंगाच्या थरावर लेप दिलेली असतात. म्हणून सुरुवात नेहमी एखाद्या कोपऱ्यात, रुपयाएवढ्या जागेवर करून पाहा. फडक्यावर लेपाऐवजी पातळ रंग उतरू लागला आणि खाली धातू चमकला, तर तिथेच थांबा. छापील बोधचिन्ह लेपावर असेल तर ते लेपाबरोबर जाईल. वेगळे बसवलेले असेल तर राहील.

वास नको म्हणून किंवा घरात लहान मूल आहे म्हणून आयपीए वापरायचे नसेल, तर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून केलेल्या दाटसर लगद्यानेही लेप निघतो, पण दुप्पट मेहनतीने, आणि तोही केवळ सुट्या काढलेल्या पॅनेलवर. जोडलेल्या लॅपटॉपवर सोड्याचा लगदा म्हणजे प्रत्येक फटीत पांढरी पूड.

मनगटांच्या जागेविषयी मी तुम्हाला कमी आशा देणार आहे. त्या चकाकीचा काही भाग खरोखरच तेल आणि मळ असतो. साबणाच्या फडक्याने, मग आयपीएच्या अगदी ओलसर फडक्याने दोन-तीनदा पुसल्यावर तो जातो आणि डाग फिका पडतो. उरते ती झीज. साच्यातून निघताना या प्लास्टिकवर बारीक खरबरीत पोत उठवलेला असतो, त्यामुळे प्रकाश विखुरतो आणि पृष्ठभाग निस्तेज दिसतो. रोज मनगटे घासून त्या पोताची टोके सपाट झाली की प्रकाश सरळ परततो, आणि आपल्याला ते तेल वाटते. पाटा गुळगुळीत झाला की पूर्वी टाकी लावणारा दारावर येई आणि पाट्याला पुन्हा धार येई. प्लास्टिकच्या या पाट्याला टाकी लावणारा अजून कोणी निघालेला नाही. राखाडी रंगाच्या अतिबारीक घासणीने गोल न फिरवता, एकाच दिशेने, सगळे पॅनेल सारखे हलके घासले तर चकाकी मोडते आणि डाग उठून दिसत नाही. पण घासायचे तर टोकापासून टोकापर्यंत सगळे. फक्त डागावर घासले तर त्या जागी नवा, निस्तेज डाग तयार होतो. रोजच्या वापरात काही महिन्यांनी चकाकी परत येते, हे गृहीत धरूनच हे करावे. दात घासण्याची पेस्ट आणि पांढरे ‘जादूई’ स्पंज हे दोन्ही घासणारे पदार्थ आहेत, साफ करणारे नव्हेत. त्यांनी उरलेला पोतही जातो.

या जागेवर कधी कधी वेगळेच काही आढळते. मागे एका शिक्षिकेचा लॅपटॉप आला होता, त्यावर दोन्ही मनगटांचे आणि डाव्या अंगठ्याचे ठसे प्लास्टिकमध्ये अक्षरशः उमटले होते. बोट फिरवले की खळगा लागत होता. विचारल्यावर कळले की त्या संध्याकाळी ओटीवर बसून काम करतात आणि डासांसाठी हातांना मलम लावतात. अशा काही मलमांत डीट नावाचे द्रव्य असते. ते कातडीला चालते, पण अनेक प्लास्टिकना मऊ करते. ते ठसे पुसून जाणारे नव्हते. मुलगी वसतिगृहात राहणार असेल तर तिला एवढे सांगून ठेवा की मलम लावल्यावर हात कोरडे होऊ द्यावेत, निदान तळवे आणि मनगटे तरी पुसावीत.

स्प्रेविषयी माझे मत असे की, लेप काढल्यावर झाकण समाधानकारक दिसले तर रंगाच्या वाटेला जाऊ नये. हाताळण्याच्या वस्तूवरचा घरगुती स्प्रे कडांवर लवकर सोलतो, आणि सोललेला रंग झिजलेल्या प्लास्टिकपेक्षा वाईट दिसतो. तरी करायचाच असेल, तर पॅनेल सुटे काढा, 800 नंबरच्या वॉटर पेपरने पाण्याबरोबर सगळीकडे सारखे घासा, प्लास्टिकसाठीचा प्रायमर द्या आणि रंगाचे तीन-चार अगदी पातळ हात द्या. एक जाड हात ओघळतो. दोन हातांमध्ये डब्यावर लिहिलेला वेळ पाळा. जून ते सप्टेंबर हे काम हाती घेऊ नका. दमट हवेत रंग वाळताना त्यावर बाष्प बसते आणि काळ्या रंगावर दुधाळ साय आल्यासारखे दिसते. आणखी एक गोष्ट रंगाच्या दुकानात कोणी सांगत नाही: लॅपटॉपच्या वायफायचे अँटेना बहुधा झाकणाच्या वरच्या कडेला किंवा पडद्याच्या चौकटीच्या आत असतात. धातूची पूड असलेला चंदेरी किंवा ‘मेटॅलिक’ रंग त्यांच्यावर बसला तर संकेत क्षीण होऊ शकतो. साधा काळा रंग घ्या.

रंगापेक्षा मी विनाइलचा स्किन, म्हणजे वरून चिकटवायचा पातळ थर, सुचवीन. मात्र तो लेप पूर्ण काढल्यावरच लावायचा. सडलेल्या लेपावर स्किन चिकटवला तर उन्हाळ्यात तो जागचा सरकतो आणि कडेने काळा गोंद बाहेर येतो. अशी तीन-चार झाकणे मी सोडवली आहेत आणि तो अनुभव पुन्हा नको आहे.

कीबोर्डाला हात लावणार असाल तर एवढे पाहा की, ज्या कळांच्या अक्षरांतून मागचा दिवा दिसतो, त्या कळा बहुधा पारदर्शक प्लास्टिकवर काळा रंग देऊन आणि अक्षरापुरता तो लेसरने खरवडून केलेल्या असतात. आयपीएने जोरात घासल्या तर रंग उडून नको तिथून उजेड येतो. त्यांना ओलसर फडके पुरे. पडद्याला आयपीए मुळीच नको. मायक्रोफायबरचे फडके पाण्याने किंचित दमट करून पुसा.

तेव्हा तुमच्या बाबतीत बॅटरी आणि बिजागरी एका दिवशी, गोंद वाळायला दुसरा दिवस सोडून झाकणाचा लेप तिसऱ्या दिवशी आणि मनगटांची जागा त्यानंतर, अशी आखणी करा. मुलीचे महाविद्यालय सुरू व्हायला आठवडा असेल तर हे सहज होते. एका रविवारी सगळे उरकायला गेलात, तर कच्च्या गोंदावर झाकण उघडले जाईल आणि खुंटी पुन्हा हातात येईल.

एक सांगायचे राहिले. काम सुरू करण्याआधी लॅपटॉप उलटा करून तळाच्या सगळ्या लेबलांचे मोबाइलवर स्पष्ट फोटो काढून ठेवा. मॉडेल आणि अनुक्रमांक तिथेच असतात, आणि आयपीएचा ओला अंगठा फिरला की ती छपाई दोन सेकंदांत पुसली जाते. सी पॅनेल मागवायची वेळ आली, तर दुकानदार पहिल्यांदा तोच क्रमांक विचारेल.